हुस्नबानोंचं अंगण

कर्जतच्या बाजारामागे राहणारा मिठाचा व्यापारी सिराज १९७१च्या थंडीत वारला. घराच्या बाजूच्या अंगणात फळीवर मय्यतीला आंघोळ घालायला घेतली, पण पाणी वाहून जाईना. उलट मोरीच्या तोंडातून काळं पाणी वर आलं आणि फळीभोवती साचलं.

पाईप कुठे तुंबलाय ते कुणाला कळेना. अंगण वाया जाऊ नये म्हणून सिराजनेच पाईप साफ करायचं चेंबर फरशीखाली बुजवलं होतं. शेवटी शेजारचा शेतकरी गोमा पहार घेऊन आला.

"भाभी, फरशी फोडाय लागंल. दुसरा इलाज नाय."

"फोडा, गोमाभाऊ," पडद्याआडून हुस्नबानो म्हणाल्या. नवऱ्याची आंघोळ अर्धी राहिली होती, आणि त्या पहारीचे घाव ऐकत बसल्या होत्या.

नवऱ्यामागे घरात काढायचे इद्दतीचे महिने सरले तशी त्यांनी पोशा गवंड्याला बोलावलं. मुलगा झाकीर त्या अंगणात दुकान काढणार होता.

"अम्मी, हातभर चेंबर पुरे. वर पक्की फरशी घालू."

"आणि तुंबलं तर?"

"रोज थोडंच तुंबतं!"

"तुझे अब्बापण हेच म्हनायचे. शेवटची आंघोळसुदा त्यांना धड मिळाली नाय रं."

झाकीर उठून बाहेर गेला.

हुस्नबानोंनी पोशाला दोन चेंबरं सांगितली. एक मोरीचा आणि चुलीकडचा पाईप मिळतो तिथं, माणसाला आत बसून दोन्हीकडे बांबूची कामटी घालता येईल एवढं. दुसरं, पाईप गटाराकडे वळतो तिथं. दोन्ही उघड्यावर, उचलता येतील अशा झाकणांची.

"मग अंगण काय उरलं, भाभी?" पोशाने विचारलं.

"नाय उरलं तर नाय."

झाकीरने स्टेशनजवळ भाड्याचा गाळा घेतला. तिथं दुकान चाललं नाही. तीन वर्षांनी ते बंद करून तो खोपोलीच्या एका कारखान्यात लागला. आईच्या हट्टापायी पोराचं दुकान बुडालं, असं गल्लीत बोललं जाई. हुस्नबानोंच्या कानावरही ते येई.

एका रविवारी झाकीर अंगणात खाट टाकून बसला होता.

"इथं दुकान असतं तर चाललं असतं, अम्मी."

हुस्नबानो तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"चाललं असतं," त्या म्हणाल्या. "माज्या मनातून ते जात नाय."

झाकीरने सूप आपल्याकडे ओढलं आणि तोही खडे वेचू लागला.