काकांचं ग्रेनोबल

ग्रेनोबलच्या महापौरांचं आपल्या शहराबद्दल काही अडलं तर ते कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला फोन करून आमच्या काकांना विचारत असतील, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेलं हे शहर. तीन बाजूंना तीन डोंगररांगा आणि मधून वाहणारी इझेर नावाची नदी. तिच्या पुलावर सकाळचं ऊन कुठून येतं, कुठल्या चौकातल्या कॉफीवाल्याच्या खुर्च्या डुगडुगतात, किल्ल्यावरून पायी उतरताना गुडघे कुठल्या वळणावर कुरकुरायला लागतात, हे सगळं काकांना तोंडपाठ होतं. एवढ्या माहितीत एकच गोष्ट कमी होती. काकांनी ग्रेनोबल कधी पाहिलेलं नव्हतं.

काका मूळचे साताऱ्याचे. चाळिशी ओलांडलेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, चिप डिझाइन करणारे इंजिनिअर. त्यांच्या बरोबर डोक्यावरच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघे राहायचो, मी नागपूरचा आणि बाकीचे दोघे पुण्याचे. आम्ही पंचविशीतले आणि ते जुलैतही हाफ स्वेटर घालणारे, त्यामुळे पहिल्याच भेटीत ते काका होऊन गेले. त्यांच्या कंपनीचं एक ऑफिस ग्रेनोबलला होतं. रोज सकाळी सातला त्यांचा तिकडच्या लोकांशी कॉन्फरन्स कॉल असायचा, तेव्हा तिकडे दुपारचे चार वाजलेले. सगळे लाइनवर जमेपर्यंत जी पाच-दहा मिनिटं जायची, तेवढ्यात तिकडचा एक वयस्कर इंजिनिअर रविवारी कुठे भटकून आला ते सांगत बसायचा. बाकीचे तेवढ्यात कॉफी आणायला जायचे आणि काका वही काढायचे. कामाच्या नोंदींना त्यांना एक वही पुरत होती, ग्रेनोबलच्या सात झाल्या होत्या.

त्या वह्यांमधलं सगळं ज्ञान काका आम्हाला साताऱ्याच्या भाषेत समजावून द्यायचे. "अरे, सोपं आहे. अजिंक्यतारा कसा साताऱ्याच्या डोक्यावर बसलाय? तसा त्यांचा बास्तीय किल्ला. फरक एवढाच, की आपण धापा टाकत चढतो आणि ते लोक बुडबुड्यात बसून जातात." हे बुडबुडे म्हणजे तिथली केबल कार. काचेचे गोल गोल डबे नदीकाठावरून निघतात आणि कौलांवरून, नदीवरून तरंगत किल्ल्यावर पोचतात. एकदा आम्ही काकांना सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारमध्ये बसवलं. पर्यटकांनी खचाखच भरलेल्या त्या डब्याच्या दांडीला लटकून काका मोठ्याने म्हणाले, "हिला केबल कार कोण म्हणतं रे? ही जमिनीवरून चालते!" शेजारच्या जपानी बाईंनी त्यांचाच फोटो काढून घेतला. अक्रोडांचंही तसंच. आमच्या कॅलिफोर्नियात अक्रोडांच्या बागाच्या बागा, पण काका ते फक्त शिऱ्यात घालायचे. "खायचे अक्रोड ग्रेनोबलचे," असं सांगायचे आणि न खाल्लेल्या अक्रोडांच्या चवीचं पंधरा मिनिटं वर्णन करायचे. तिकडची दुधा-सायीत भाजलेल्या बटाट्यांची डिश त्यांनी एकदा आम्हाला करून घातली होती. हिंग-जिऱ्याची फोडणी सोडली तर ती अस्सल होती, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या कॉम्प्लेक्समधलं कोणी युरोपला निघालं की त्याने काकांच्या दारावरून तसंच पुढे जायची सोय नव्हती. पॅरिसचं नाव काढलं की काका हात झटकायचे. "पॅरिसला काय आहे? मनोरा. तो एकदा पाहिला की पाहिला. तीन तास ट्रेनमध्ये बस आणि ग्रेनोबल गाठ." मग हातात चार पानी प्लॅन पडायचा. पहिल्या दिवशी किल्ला आणि नदीकाठ. दुसऱ्या दिवशी विझीयचा राजवाडा आणि त्याची बाग. वेळ असेल तर आनसीचं तळं. आणि शार्त्रूजच्या डोंगरातला मठ तर चुकवायचाच नाही. त्या मठात मौन पाळणारे साधू राहतात, शंभराहून जास्त झाडपाल्यांपासून हिरवीगार दारू करतात आणि पाहुण्याला आत घेत नाहीत. "मग जायचं कशाला?" असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "बाहेरून बघायचं. बाहेरून बघायची सवय असावी माणसाला."

या सगळ्याच्या बदल्यात काकांना फक्त फोटो हवे असायचे, आणि भांडण तिथेच व्हायचं. आपला माणूस हजारो मैल जातो तो मुळी स्वतःचा फोटो काढून घ्यायला. मागे डोंगर असला तर बरं, नसला तरी चालतं. नवं लग्न झालेलं एक जोडपं मोठ्या हौसेने अल्बम घेऊन आलं, तर काका भिंग लावून बघत बसले. "हे तुझं पोट आहे ना, त्याच्यामागे व्हेरकोरची अख्खी रांग आहे. जरा सरकला असतास तर?" मग वहिनींकडे वळून, "आणि तुमच्या ओढणीने नदी घालवली हो!" ते जोडपं पुढे काही महिने आमच्या जिन्याकडे फिरकलं नाही. माणूस नसलेले फोटोच काकांना का लागतात, हे मात्र कोणी विचारलं नाही. वेडेपणाला कारण विचारायची पद्धत नाही आपल्यात.

मला ते कारण कळलं ते माझ्या स्वतःच्या ट्रिपनंतर. नागपूरहून परतताना मी दोन दिवस फ्रान्समध्ये थांबलो होतो. खरं तर पॅरिसमध्ये झोपा काढायच्या होत्या, पण काकांचा चार पानी प्लॅन खिशात होता आणि त्यांना तोंड दाखवायची भीती मनात. ग्रेनोबलला गेलो, बुडबुड्यात बसलो, किल्ल्याच्या कठड्याशी पाच मिनिटं उभा राहिलो, एकही माणूस न येऊ देता छत्तीस फोटो काढले आणि भूक लागली म्हणून खाली उतरलो. परत आल्यावर रविवारी सकाळी फोटोंचं पाकीट घेऊन खाली गेलो. काकांनी ते हिसकावूनच घेतलं, कारण त्यांना कॉलिंग कार्डवरून साताऱ्याला आईला फोन करायचा होता. मी सोफ्यावर बसून पेपर चाळायला लागलो. आणि ऐकतो तर काय, काका एकेक फोटो समोर धरून सांगत होते, "हो आई, परवाच आलो. या वेळी थंडी होती जरा. नाही गं, मफलर होता. बुडबुड्यात एकटाच होतो. वरून नदी अशी दिसते, आपल्या संगम माहुलीला दिसते ना, तशीच..."

मी पेपर खाली ठेवला. काकांनी फोनही खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाकतो."

चहा होईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. ग्रीन कार्डचा अर्ज मंदीत कंपनी बदलल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. देशाबाहेर पडलं की परत येण्याआधी तिकडच्या वकिलातीत व्हिसाचं नव्याने स्टँपिंग करून घ्यायचं, आणि त्यांच्या टीममधला एकजण बहिणीच्या लग्नाला गेला तो चौकशीच्या नावाखाली पाच महिने तिकडेच अडकून नोकरी गमावून बसला होता. वकील म्हणाला, शक्यतो बाहेर जाऊ नका. तेव्हापासून काका घरी गेले नव्हते, आणि आई दर रविवारी एकच विचारायची, कधी येतोस?

"मग त्यांना खरं सांगा ना काका. पेपर्स स्टक आहेत म्हणावं. सगळ्यांचेच असतात यार."

"तू माझ्या आईला ओळखत नाहीस," काका म्हणाले. "माझ्या दहावीला तिने सोळा सोमवार केले. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला चातुर्मासभर एकभुक्त राहिली. आता डायबिटीस आहे, इन्शुलिन चालू आहे. मुलाचे कागद अडकलेत म्हणून कळलं, तर ती कार्ड येईपर्यंत जेवणार नाही. आणि हे कार्ड कधी येईल ते आपल्या वकिलालाही माहीत नाही." म्हणून काकांनी एका रविवारी सांगून टाकलं की सुट्टी मिळत नाही, कंपनी सारखी फ्रान्सला पाठवते. मुलगा मोठ्या कामात आहे म्हटल्यावर आई खूश झाली आणि दोन घास जास्तच जेवली. मग तिने विचारलं, काय काय पाहिलंस तिथे? त्या एका प्रश्नातून सात वह्या भरल्या होत्या.

मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. तोवर मी काकांना अर्धवट समजत होतो. त्या दिवसापासून मी त्यांचा भागीदार झालो, आणि महिनाभरात वरचे दोघेही झाले. जो कोणी युरोपला जाईल त्याला आम्हीच दम द्यायला लागलो, "फोटोत येऊ नकोस. बाजूला हो आणि काढ." काका प्रिंटच्या मागे तारीख घालून साताऱ्याला पाठवायचे. अशी त्यांची आईच्या हिशेबाने वीसेक वेळा ग्रेनोबलवारी झाली. अख्ख्या गल्लीला ते फोटो दाखवून झाले होते. सोमवारचा उपास मात्र तिने एकही केला नव्हता, याची काका दर रविवारी आडून आडून खात्री करून घ्यायचे.

कार्ड आलं ते दोन हजार आठ साल उजाडल्यावर. काकांनी पाकीट उघडून आम्हाला दाखवलं आणि तिथल्या तिथे तिकीट काढायला बसले. "मध्ये दोन दिवस ग्रेनोबल करून जा," आम्ही तिघांनी गलका केला. काका म्हणाले, "गप बसा. आधी आई." त्याच संध्याकाळी त्यांनी साताऱ्याला फोन लावला, मी येतोय म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवून पलीकडचं आम्हाला सांगितलं. आईने पासपोर्ट काढून ठेवला होता. वर्षापूर्वीच, कोणालाही न सांगता. तिला मुलाबरोबर अमेरिकेला यायचं होतं आणि वाटेत तो डोंगर बघायचा होता. "तुला सगळं माहितीच आहे," ती म्हणाली होती. "मला काही भीती नाही."

"आता तरी खरं सांगा," मी म्हटलं.

"आता सांगितलं तर ती सहा वर्षांचे राहिलेले उपास एकदम करेल!"

मग काकांची जी तयारी सुरू झाली ती बघण्यासारखी होती. वीस वेळा गेलेला माणूस रस्त्यात नकाशा उघडू शकत नाही, कोणाला पत्ता विचारू शकत नाही, "अरे वा" तर चुकूनही म्हणू शकत नाही. आमच्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचो. "स्टेशनातून बाहेर पडलात. कुठली ट्राम?" "ए किंवा बी, दोन्ही चालतात." "तिकीट कुठे?" "स्टॉपवर मशीन. आणि चढायच्या आधी पंच करायचं." "समोर डोंगर दिसला. चेहरा कसा?" काका कंटाळलेला चेहरा करायचे. तो चेहरा त्यांना शेवटपर्यंत नीट जमला नाही. आईचे अमेरिकेचा आणि फ्रान्सचा असे दोन्ही व्हिसे पंधरा दिवसांत हातात आले, याचा काकांना त्याही गडबडीत थोडा राग आला होता.

ते दोघे सनीव्हेलला पोचले त्याच शनिवारी आम्ही खाली जमलो. आजी सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, पायात मोजे, अंगावर काकांचाच हाफ स्वेटर. प्रवासाचा शीण नावाला नव्हता. काका आत चहा करत होते आणि आजी आम्हाला, तिन्ही कटवाल्यांना, ग्रेनोबल सांगत होत्या.

"काय सांगू बाबांनो, ह्याला एकदासुद्धा कोणाला विचारावं लागलं नाही. डोळे मिटून चालत होता. ह्या चौकातल्या खुर्च्यांवर बसू नको म्हणाला, डुगडुगतात. बघते तर खरंच! मग त्या बुडबुड्यात बसवलं. अगदी अजिंक्यताऱ्यासारखाच किल्ला की रे, पण डोंगर केवढाले! आणि त्यांच्यावर सगळा बर्फ. कठड्यापाशी गेलो तर हा नुसता उभा. बोलेना की चालेना. वर बघते तर डोळ्यांतून धारा. मी म्हटलं, अरे, तुझं तर नेहमीचंच आहे ना हे?"

आतल्या कपबशांचा आवाज थांबला.

"मग काय म्हणाले काका?" मी विचारलं.

"म्हणाला, आई, इतकं स्वच्छ कधी दिसलंच नव्हतं." आजींनी माझ्याकडे वळून बघितलं. "तूही गेला होतास म्हणे तिकडं. तुला दिसलं होतं का रे असं?"

मी गेलो त्या दिवशी आभाळात ढगाचं नाव नव्हतं. तिन्ही रांगा समोर होत्या, बर्फासकट.

"नाही आजी," मी म्हणालो. "मला नाही दिसलं." आणि खोटं बोलल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही.