मालक घरात हायेत

आमचं घर गावात नव्हतं, मळ्यात होतं. वाशीमहून मंगरूळपीरकडे जाणारा गाडीरस्ता आमच्या वांग्यांच्या वाफ्यांना लागून जायचा. त्या रस्त्यानं कोण कोण जायचं याला धरबंध नव्हता. दर्ग्याला निघालेले, कारंजाला कापूस नेणारे गाडीवान, आणि ज्यांचं तोंड दुसऱ्यांदा कधी दिसायचं नाही असे कितीतरी. बाबा तापानं गेले तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते, धाकटी पाचेकची. मोट हाकायला गडी होता, पण तो दिवस मावळायच्या आत गावात परतायचा. मग त्या रानात माय आणि आम्ही दोघी.

त्या हिवाळ्यात शेजारच्या मळ्यातलं घर फुटलं. घर फोडणारे दाराच्या वाटेला जातच नसत. मागच्या मातीच्या भिंतीवर पाणी मारायचं, ती भिजली की पहारीनं माणूस आत शिरेल एवढं भगदाड पाडायचं, ही त्यांची रीत. शेजाऱ्यांची पितळेची भांडी गेली. अंगावरची पांघरुणंही गेली म्हणे. पांघरूण ओढून नेलं तरी जाग येऊ नये, एवढं गाढ कोण झोपतं कुणास ठाऊक, पण गावात गोष्ट फुगतेच.

काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दुसऱ्याच दिवशी आले. बाईमाणसानं रानात राहू नये, गावात आमच्या घरी चला, म्हणाले. त्यांच्या बोलण्यात माया किती आणि मळ्यावरचा डोळा किती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मायला कळत होतं. एकदा आमचं घर फुटलं असतं तर आम्हाला त्यांच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं, आणि विहिरीसकट मळा त्यांच्या हातात गेला असता. चोरानं न्यावं असं आमच्या घरात फार काही नव्हतं. चोर आला असता तर मळा जायचा होता.

मायनं मागच्या भिंतीला बाहेरून बोराटीच्या काट्यांच्या फांद्या रचल्या. आतून त्याच भिंतीला गाडग्यांची उतरंड लावली, म्हणजे कुणी भिंत फोडलीच तर आधी गाडगी कोसळावीत. दाराला नवा अडसर करून घेतला. एवढं करूनही तिचा जीव थाऱ्यावर येईना. तेव्हा तिनं बाबांना परत आणलं.

दिवेलागणीला ती बाबांच्या वहाणा पायांत घालायची आणि घराभोवतीच्या ओल्या मातीतून एक फेरी मारायची. मोठी मोठी पावलं उमटायची. मग वहाणा दाराशी काढून ठेवायची. हातात काचेच्या दोन सैल बांगड्या चढवायची आणि उजाडायच्या आत उतरवायची. विधवेच्या हातात बांगड्या, हे गावात कळलं असतं तर काकूनं तिला फाडून खाल्लं असतं. आणि रस्त्यावर कुणाची चाहूल लागली, की आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहून मोठ्यानं म्हणायची,

"अवो, पानी काढलं आंगोयीले. उठता ना?"

पहिले काही दिवस आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसायचो. पण मायचं सोंग फारच चांगलं वठायला लागलं. बोलून झालं की ती थांबायची. माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढीच थांबायची आणि मग पुढचं बोलायची. भाजीत मीठ कमी पडलं काय, मोटेचा नाडा बदलायला झाला, असलं काहीबाही. पुढे पुढे रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही ती बोलायला लागली. एकदा थांबली, मान हलवली आणि खुदकन हसली. मी चुलीपुढे भाकरी खात होते. घास तसाच तोंडात राहिला. त्या दिवसापासून मला चोरांची भीती वाटेनाशी झाली आणि त्या कोपऱ्याची वाटायला लागली. सकाळी दाराबाहेर ती पावलं दिसायची. मायनंच उमटवलीत हे ठाऊक असूनही मी त्यांच्यावर पाय द्यायची नाही, वळसा घालून जायची. आणि खोटं कशाला बोलू, बाबा घरात आहेत हे मला आवडायचंही.

एका संध्याकाळी एक अनोळखी माणूस रस्ता सोडून सरळ ओट्यापाशी आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी पलीकडे वासरू बांधत होते. त्यानं पाणी मागितलं. बोलताना त्याची नजर दारावरून, वहाणांवरून, घराच्या मागच्या अंगाकडे फिरत होती.

"मालक हायेत काय घरात?"

"हायेत," माय दाराआडून म्हणाली. "आंग टाकलं जराक."

तिनं पाण्याचा तांब्या बाहेर धरला. तिचा फक्त हात दिसत होता, बांगड्या घातलेला.

"कोनाचा म्हनाव हा मळा? मालकाचं नाव काय?"

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. घरात लेकरू असलं की ते पुढे करायचं. मायनं रिवाजाप्रमाणेच केलं. धाकटी दारात उभी होती, तिला म्हणाली, "सांग वं, बाबाचं नाव."

काकांनी धाकटीला एक वळण लावलं होतं. बाजारात कुणी विचारलं तर बापाचं नाव नुसतं सांगू नये, आधी कैलासवासी म्हणावं. तिला वाटायचं तो बाबांच्या नावाचाच भाग आहे. तिनं छाती पुढे काढली, खणखणीत आवाजात "कैलासवासी" म्हणाली, आणि मग बाबांचं अख्खं नाव सांगितलं, आडनावासकट.

त्या माणसानं आधी वहाणांकडे पाहिलं, मग मायच्या हाताकडे. त्यानं तांब्या घेतला तसा तो हात इतक्या घाईनं आत गेला की चौकटीवर आपटून एक बांगडी फुटली. मायच्या बांगड्या फुटताना मी आधी एकदाच ऐकल्या होत्या, बाबांना नेलं त्या दिवशी.

तो सावकाश पाणी प्यायला. तांब्या ओट्यावर ठेवला आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून म्हणाला, "येतो, मालक." मग मंगरूळच्या वाटेला लागला. ती थट्टा होती, धमकी होती की दया, हे मला इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. त्याला आत खरंच कुणी दिसलं की काय, असंही कधी कधी मनात येतं, आणि मग मी उठून दिवा लावते.

त्या रात्री आम्ही तिघी एकमेकींना चिकटून बसलो. कुणी आलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही, त्यानंतरही नाही. मायनं मात्र कोपऱ्याशी बोलणं टाकलं. एकदाही "अवो" म्हणाली नाही.

धाकटीच्या पोटात काही राहत नसे. तिनं ही गोष्ट बाजारात सांगितली आणि काका गाडी जुंपूनच आले.

"चोराले आपल्या हातानं घर दाखवलं तुमी," ते अंगणातून ओरडले. "आता काहून थांबता? भांडे भरा गाडीत आन् चाला."

माय थोरल्या दिराशी कधी बोलायची नाही, समोरही यायची नाही. काही सांगायचं झालं तर माझ्या तोंडून सांगायची. म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मला बाजूला सारलं, डोक्यावरचा पदर ओढला आणि ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"चोराले समजलं, या घरात मानूस नाई," ती म्हणाली. "तरी तो आला नाई. तुमीच तेवढे आले, गाडी घेऊन."

काकांनी बैल वळवले आणि गाडी रिकामीच परत गेली. मळा आमचा राहिला. आम्ही आत आलो, तर आत आम्ही तिघीच होतो. बाबा घरात नाहीत हे मला तेव्हा कळलं, आणि मी मोठ्यानं रडायला लागले.