उन्हाला न दिसणारी क्रीम

चौसाळ्यात माझं जनरल स्टोअर आहे. दुष्काळाच्या वर्षी समोर सोसायटीच्या आवारात पाण्याचा टँकर यायचा. रांगेतली एक बाई घागर नंबराला लावून भर दुपारी दुकानात यायची. तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. सनस्क्रीनचा थेंब हाताला लावायची, बाहेर जाऊन हात उन्हात धरायची आणि नकारार्थी मान हलवत परत यायची. एक चिकट वाटायची, दुसरी पांढरी दिसायची.

शेवटी मी पाण्यासारखी हलकी ट्यूब काढली. "ताई, रोज लावायला हीच बरी. लावलेली कळतसुद्धा नाही."

"हीच द्या. पांढरं तोंड त्याला लांबून दिसतंय."

"कुणाला?"

"उन्हाला. कारखान्याच्या फडात ऊस तोडताना त्यानं माझ्या बहिणीला नाव घेऊन हाक मारली. तिनं वर बघितलं अन् तितंच पडली. पुन्हा उठली न्हाई. तुमाला हाक आली तर बघू नका."

टँकर बंद झाला तशी ती यायची थांबली.

परवा दुपारी मी शटर ओढत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वरून कुणीतरी माझं नाव घेतलं, माहेरच्या माणसानं घ्यावं तसं, मायेनं.

मी वर बघितलं नाही. आत येऊन तसलीच एक ट्यूब फोडली आणि तोंडभर लावली.