मागच्या सीटला ब्रेक नसतो

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. तेही इतकी वर्षं, की गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं एक तरी माणूस त्यांची बोलणी खात गियर टाकायला शिकलेलं आहे. शिकवायच्या गाडीत ते चालकाच्या शेजारी बसतात आणि त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला, की भाऊजी उजवा पाय दाबतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. या एका ब्रेकच्या जिवावर त्यांनी आजवर एकही अपघात होऊ दिलेला नाही, आणि ही गोष्ट ते आल्यागेल्याला सांगत असतात.

पण गाडीतून उतरल्यावरही तो ब्रेक काही त्यांच्या पायाखालून जात नाही. बसमध्ये बसले की पाय दाबतात. सिनेमात पाठलाग सुरू झाला की पुढच्या खुर्चीला लाथ बसते, आणि मध्यंतरात माफी मागायचं काम ताईकडे येतं. जेवणाच्या टेबलाखाली त्यांच्या उजव्या पायाशी सतरंजी विरून गेली आहे. मीही त्यांच्याकडेच शिकले आणि लायसनच्या चाचणीत पहिल्यांदा नापास झाले. त्याला जबाबदार तेच, असं माझं आजही ठाम मत आहे. शेजारी परीक्षक बसला होता आणि मी आपली सवयीने निर्धास्त, वेळ आली की शेजारचा माणूस दाबेल ब्रेक. त्याच्याकडे ब्रेक नव्हता. समोर कुंपण होतं. गाव भाऊजींना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणतं आणि तोंडावर नुसतं मास्तर.

ताईला कॅन्सर झाला तेव्हा भाऊजींनी तो शब्द एकदाही उच्चारला नाही. ते म्हणायचे, ‘तिचं ते’. ताईचं उलटं. ती दुकानदाराला खणखणीत आवाजात सांगायची, “मला कॅन्सर झालाय, पिशवी जिन्यावरून वर आणून द्या.” दुकानदार बिचारा पिशवी वर पोचवायचा आणि पैसे घ्यायचे विसरून जायचा. केस गेले, भुवया गेल्या, तेव्हा ती आरशात बघून म्हणाली की आता नुसते डोळे काढले की अंडंच. मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. भाऊजी दोन्ही वेळा दारात उभे होते आणि त्यांना काय करावं ते कळत नव्हतं.

उपचार लांबले, पण लागू पडले. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्हाला दिलेलं औषध काही वर्षांपूर्वी नव्हतंच. कुणीतरी प्रयोगशाळेत बसून डोकेफोड केली आणि कुणीतरी त्या कामाला पैसे पुरवले, म्हणून आज ते माझ्या हातात आहे. आता तुम्ही बऱ्या आहात. तपासणीला येत राहा, बाकी झेपेल ते सगळं करा.”

ताईने यातला शब्दन् शब्द लक्षात ठेवला. भाऊजींनी मात्र फक्त ‘तपासणीला येत राहा’ एवढंच ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या बहिणीला जादा ब्रेक बसवला. ती जिना चढायला लागली की मागून “सावकाश”. बादली उचलली की “ठेव ती”. स्टुलावर चढून बल्ब बदलायला गेली, तर हे दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे, आणि बल्ब राहिला बाजूला. आजारपणाआधी ताई बालवाडीत शिकवायला सायकलवरून जायची. ती सायकल आता जिन्याखाली कुलूप लावून ठेवलेली होती आणि कुलपाची किल्ली भाऊजींकडून ‘हरवली’ होती. ज्या माणसाच्या खिशात गावभरच्या गाड्यांच्या किल्ल्या असतात, त्याच्याकडून नेमकी हीच हरवावी. मला राग यायचा. ताईला माझ्याहून जास्त यायचा, पण ती गिळायची, कारण त्याच माणसाने वर्षभर तिच्या उशाशी खुर्चीत बसून रात्री काढल्या होत्या.

आणि मग दवाखान्याच्या भिंतीवर तिला तो कागद दिसला. एक संशोधन संस्था तळ्याभोवती सायकलफेरी ठेवणार होती. आपल्याला किती फेऱ्या झेपतील ते ज्याचं त्याने ठरवायचं, ओळखीच्यांकडून फेरीमागे पैसे कबूल करून घ्यायचे, आणि जमेल ती रक्कम सगळी कॅन्सरवरच्या संशोधनाला जायची.

“मी तीन फेऱ्या मारणार,” ताईने जेवताना जाहीर केलं.

टेबलाखाली धप्प आवाज झाला.

“अगं, पैसे द्यायचे असतील तर देऊन टाकू ना आपण,” भाऊजी म्हणाले. “त्यासाठी सायकल कशाला?”

“पैसे तर द्यायचेच आहेत. पण मला फेऱ्याही मारायच्या आहेत. मी अजून मारू शकते का, ते मला बघायचंय.”

“आणि मध्येच चक्कर आली तर?”

“आली तर बसेन कुठेतरी. तुम्हाला नाही का कधी चक्कर येत?”

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी तोडगा मी काढला, आणि तो ऐकून दोघंही आधी माझ्यावरच उखडले, मग कुरकुरत तयार झाले. सायकल दुरुस्तीवाल्याकडे एक जुनी दोन सीटची सायकल धूळ खात पडली होती. ताई पुढे बसेल, हँडल तिच्या हाती. भाऊजी मागे. कारण आमच्या घरचं एक गुपित असं, की अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्या या माणसाला सायकलचा तोल सांभाळता येत नाही. लहानपणी पडले ते पडले, पुन्हा बसलेच नाहीत.

सायकलवाल्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. “मास्तर, पुढची आणि मागची पायडलं एकाच साखळीने जोडलेली आहेत. ताईंनी पाय मारला की तुमचा पाय फिरणार, तुमचा थांबला की ताईंचाही थांबणार, आणि जुनी सायकल आहे, पायडलं अडली की चाकही अडणार. हँडल पुढे. ब्रेक पुढे. मागच्या सीटला ब्रेक नसतो.”

“नसतो म्हणजे?” भाऊजी म्हणाले.

“म्हणजे नसतो.”

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सरावाला आम्ही तळ्यावर जायचो. सपाटीवर सगळं छान चालायचं. भाऊजी मागून सूचनांचा पाऊस पाडायचे, वळणाआधी हात बाहेर काढून इशारा द्यायचे, रस्त्यात कुणी नसलं तरीही. पण तळ्याच्या पलीकडच्या अंगाला एक उतार आहे. तसा लहानसाच, पण खाली रस्ता वळतो. त्या उतारावर सायकलने जरा वेग घेतला की भाऊजींचे दोन्ही पाय पायडलांवर खिळून जायचे. साहजिकच ताईचेही. पहिल्याच दिवशी दोघं डुगडुगत जाऊन झुडपात टेकली.

“काय केलंत तुम्ही?” ताईने पानं झटकत विचारलं.

“ब्रेक दाबला.”

“मागे ब्रेक नाहीये.”

“ते मला माहीत आहे,” भाऊजी म्हणाले, “पण मी दाबला.”

ही कहाणी गावभर व्हायला वेळ लागला नाही, कारण ती सांगायला मी होते. पैसे कबूल करून घ्यायला मी जिथे जाईन तिथे भाऊजींचा एखादा जुना विद्यार्थी निघायचा, आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी जुनं साठलेलं असायचं. औषधांच्या दुकानवाल्याने तर अटच घातली. गाडी शिकताना भाऊजींनी त्याला भर चौकात इतकं झापलं होतं, की तो आजही त्या चौकातून जाताना मान खाली घालतो.

“फेरीमागे दुप्पट देतो,” तो म्हणाला, “पण ज्या फेरीत मास्तर ‘सावकाश’ म्हणतील ती फेरी धरायची नाही.”

ही अट वाऱ्यासारखी पसरली. ज्याने त्याने आकडा वाढवला आणि वर तीच अट घातली. मास्तर गप्प बसतात हे बघायला लोक पैसे मोजायला तयार होते. भाऊजी आधी चिडले आणि मग हट्टाला पेटले. “बघाच,” म्हणाले, “एक शब्द काढणार नाही.”

फेरीच्या दिवशी तळ्यावर जत्रा भरावी तशी गर्दी होती. विद्यार्थ्यांनी सायकलच्या मागे, भाऊजींच्या पाठीशी, शिकाऊ चालकाची लाल पाटी बांधून ठेवली होती. फेऱ्या मोजायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या हातात खडू, समोर फळा. औषधवाला उतारापाशी जाऊन उभा राहिला होता, कान देऊन.

पहिली फेरी पुरी करून दोघं आली. औषधवाला मागोमाग धापा टाकत आला आणि म्हणाला, “मूग गिळून बसले होते मास्तर. एक अक्षर नाही. धरा फेरी.”

मी खडू उचलला.

“धरू नकोस,” ताई म्हणाली. ती सायकल धरून उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता, दमल्यामुळे नव्हे.

“वहिनी, अट बोलण्याची होती,” औषधवाला म्हणाला. “ते बोलले नाहीत.”

“तोंडाने नाही बोलले. पायाने बोलले. उतारावर सायकल उभी राहिली. मी ढकलत खाली आणली.” मग ती भाऊजींकडे वळली. आजूबाजूला माणसं होती, पण तिने पर्वा केली नाही. “तुम्हाला भीती वाटते हे मला कळतं. मला नाही वाटत का? तपासणीच्या आदल्या रात्री मलाही झोप लागत नाही. पण तुमचा पाय अडकला की माझाही अडकतो हो. मी बरी झाले ते काय कुणी धरून ठेवावं म्हणून?”

भाऊजींनी नेहमीसारखं समजावलं नाही, रागावलेही नाहीत. हळूच पाय टेकून ते सायकलवरून उतरले.

“तू जा,” म्हणाले.

“एकटी?”

“मी मागे बसलो तर तुझी फेरी होणारच नाही. माझा पाय माझं ऐकत नाही. जा तू.”

ताईने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. तिला वाटत होतं ते रुसले. पण ते रुसलेले नव्हते. त्यांनी मागचं सीट नीट पुसलं, उगाचच, आणि दोन पावलं मागे सरकले. ताई निघाली. ती लांबलचक सायकल, मागे रिकामं सीट, आणि रिकामी पायडलं तिच्या पायांबरोबर आपोआप फिरत होती.

ती झाडांआड दिसेनाशी झाली, तसे भाऊजी माझ्या शेजारी येऊन बाकावर बसले. मी काहीतरी टोमणा मारणार होते. मेहुणी म्हणून तो माझा हक्कच आहे. पण त्यांचा उजवा पाय अजून जमिनीवर दाबलेलाच होता.

“तुला सांगतो,” ते तळ्याकडे बघत म्हणाले, “तिला कॅन्सर झाला ना, तेव्हा मी शेजारी बसलो होतो आणि पायाखाली काही नव्हतंच. आयुष्यात पहिल्यांदा. दाबायचं तरी काय? गाडी चाललीय आणि मी नुसता बसलोय. ती बरी झाली तेव्हा वाटलं, आता तरी पाय ठेवतो. आता सोडायचाच नाही.”

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती हातात धरून ठेवली, प्यायले नाहीत. मला या माणसाची इतकी वर्षं फक्त थट्टा करता आली होती. त्या दिवशी त्यांच्यावर फार माया आली.

उताराकडून टाळ्यांचा आवाज आला. भाऊजी उठून उभे राहिले. मग ताई वळणावरून बाहेर पडली, हनुवटी पुढे काढून, बालवाडीला उशीर झाल्यासारखी. ती आमच्या समोरून गेली तेव्हा भाऊजींचे ओठ हलले. औषधवाला टवकारून बघत होता. पण आवाज निघाला नाही. मी फळ्यावर पहिली रेघ ओढली.

दुसऱ्या फेरीला ती दमलेली दिसत होती. तिसऱ्याला आणखी. सगळे विद्यार्थी शेवटच्या खुणेपाशी गोळा झाले होते. कुणीतरी खुर्ची आणून ठेवली, कुणी टॉवेल. मी तिसरी रेघ ओढली आणि तिला धरायला पुढे झाले.

ताई थांबली नाही. तिने एक हात सोडून आम्हाला दाखवला, सायकल जरा डुगडुगली, आणि ती तशीच पुढे निघून गेली, चौथ्या फेरीला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग सगळे भाऊजींकडे बघू लागले.

“मास्तर, हाक मारू का?” औषधवाल्याने विचारलं. “ठरल्या होत्या तीनच. चौथीचे पैसे कुणीच कबूल केलेले नाहीत.”

भाऊजी रस्त्याकडे बघत होते. सायकल लहान लहान होत झाडांकडे चालली होती. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

“नको,” ते म्हणाले. “जाऊ दे तिला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ही माझ्या नावावर लिही. ही, आणि हिच्यापुढे ती मारील तेवढ्या सगळ्या.”