फितीचं दुसरं टोक

बांधकाम-मोजणीच्या डिप्लोम्यासाठी मी तेव्हा हैदराबादेत शिकत होतो. सुट्टीत एखादी इमारत मोजून तिच्या खर्चाचा अंदाज काढून न्यायचा होता. मी आमच्या गावाबाहेर, झरीच्या रस्त्यावरची नवी धर्मशाळा निवडली. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती आणि फितीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. पायरीवर टेकलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "आणा, मी धरतो."

नेमका बाजाराचा दिवस. रस्त्यानं ओळखीचं कोणी दिसलं की हा टोक सोडून दोन्ही हात जोडायचा, "रामराम!" फीत लोंबायची, आकडा हुकायचा, की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि अख्खा तालुका ह्याच्या ओळखीचा! एका बैलगाडीतल्या प्रत्येकाला त्यानं वेगळा रामराम घातला.

शेवटी मी ओरडलोच, "अहो, एका हातानं करा की!"

त्यानं शांतपणे टोक उचलून धूळ झटकली. "एका हातानं सलाम होतो, सायब. त्यो कचेरीत सायबलोकांला करतोच की आमी. ही तर घरची माणसं हायेत."

दिवस मावळेपर्यंत कशीबशी मापं उरकली. निघताना म्हातारा म्हणाला, "येतो लेकरा, रामराम," आणि त्यानं मलाही दोन्ही हात जोडले. माझ्या एका हातात फीत, काखेत नकाशा. मोकळा हात हैदराबादच्या सवयीनं सलामाला कपाळाकडं निघाला होता, तो अर्ध्यातच थांबला.

म्हातारा हात जोडून उभाच. शेवटी वैतागून मी फीत, नकाशा, सगळं धुळीत ठेवलं आणि हात जोडले.