सोळातली मावशी

त्यांना खरं नाव होतं, पण ते पगाराच्या पत्रकापुरतं. एरवी सगळे त्यांना ‘पंचेचाळीस’ म्हणत. जगातला यच्चयावत माल आणि सेवा ट्रेडमार्कच्या पंचेचाळीस वर्गांत बसतात, आणि कुठली वस्तू कितव्या वर्गात हे या कारकुनाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, अशी त्यांची ख्याती होती. झोपेतून उठवून तसं विचारणारं अर्थात कोणी नव्हतं. बायको उठवायची ती घोरणं थांबवायला.

एका वकिलाच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, ते एकतीस वर्षं बसले होते. खुर्चीला त्यांचा आकार आला होता आणि त्यांना खुर्चीचा. पाठीमागे भिंतभर पंचेचाळीस कप्प्यांचं लाकडी कपाट. इतर कचेऱ्यांत फायली गिऱ्हाइकाच्या नावाने लागतात. इथे मालाच्या वर्गाने. ही पद्धत पंचेचाळिसांचीच, त्यामुळे त्यांच्याशिवाय कोणालाही काहीही सापडत नसे. वकीलसाहेबांनी त्यांना एकदा आठवड्याची रजा दिली होती. तिसऱ्या दिवशी स्वतः घरी येऊन घेऊन गेले.

घरातही तेच. टूथपेस्ट तिसरा वर्ग, ब्रश एकविसावा. उशी विसावा, तिचा अभ्रा चोविसावा. “म्हणजे उशीवर डोकं ठेवलं की चार वर्गांचा प्रवास,” बायको म्हणायची. “आणि मी हो कितव्या वर्गात?”

“तू सेवेत. पस्तिसाच्या पुढे.”

“तरीच पगार नाही!”

निवृत्तीला सात महिने उरले होते. गुडघे कुरकुरत होते, डोळे वळणदार अक्षरांना कंटाळले होते. अंगात जोर म्हणावा असा एकच शिल्लक होता: एकतीस वर्षांत एकही फाईल चुकीच्या वर्गात गेली नाही.

अशाच एका दुपारी जिना चढून धापा टाकत एक बाई आल्या आणि टेबलावर डिंकाची गोल बाटली ठेवली. वर रबरी टोपण, त्याला चीर, लेबलावर नाकात मोठी चमकी घातलेला एका बाईचा हसरा चेहरा. ‘मावशी छाप डिंक.’ पंचेचाळिसांनी लगेच ओळखलं. बाईंच्या यजमानांनी स्वतःला लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीचं चित्र छापून हा डिंक काढला होता. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, आणि कारखाना, म्हणजे घरामागची शेड, चार पातेली आणि दोन कामगार, बाईंकडे आला.

“बसा वहिनी. पाणी देऊ?”

“पाणी नको, भाऊ. लेबलवाला म्हणतो, तुमचं नाव नोंदवहीतून उतरलंय. दहा वर्षांची मुदत संपली, नूतनीकरण झालंच नाही.” त्यांनी लेबलावरचा मावशीचा चेहरा पदराने पुसला. “यांनी चाळीस वर्षं सांभाळलं. माझ्याकडे दोन वर्षं आलं आणि मी घालवून बसले. तुमचं पत्र आलं असणार, मीच कुठेतरी ठेवलं. चार महिने सगळं घर पालथं घालतेय. यांच्या कोटांचे खिसेसुद्धा पाहिले. मुलगी म्हणते, आई, कागद जमत नाहीत तर हात कशाला लावतेस?”

“घाबरू नका. मुदत संपल्यावरही वर्षभर नाव परत मिळवता येतं,” पंचेचाळीस म्हणाले आणि रजिस्टर उघडून दिवस मोजले. अठरा उरले होते. “वेळ आहे. फाईल काढतो.”

घरगुती आणि कचेरीतला डिंक म्हणजे कागदाबरोबर सोळावा वर्ग. ते सोळाच्या कप्प्यापाशी गेले. फाईल नव्हती. पुन्हा पाहिलं. नव्हतीच. मग ते गुडघे धरत खाली वाकून पहिल्या कप्प्याकडे गेले. कारखान्यांत लागणारे चिकट पदार्थ पहिल्या वर्गात. फाईल तिथे होती.

सगळं आठवलं. यजमान गेल्यावर वहिनी नाव बदलून घ्यायला आल्या, तेव्हा सहज म्हणाल्या होत्या, “आता चपलांचे कारखानेही डबे भरून नेतात हो.” पंचेचाळिसांना स्फुरण चढलं. कारखान्यात लागतो ना, मग पहिला वर्ग! नोंदणी सोळातच राहिली, पण फाईल त्यांनी आपल्या हाताने तिकडे हलवली. आणि पहिल्या कप्प्यातली गिऱ्हाइकं म्हणजे मोठमोठ्या कंपन्या. त्यांची नूतनीकरणं त्यांचीच माणसं बघतात. त्या कप्प्याला स्मरणपत्रं जातच नसत.

पत्र हरवलं नव्हतं. ते लिहिलंच गेलं नव्हतं.

वकीलसाहेब आतून अर्ज घेऊन आले. “उशिराचं कारण या रकान्यात लिहा, ‘कौटुंबिक अडचण’. सगळे तेच लिहितात.”

“मीच विसरले असं लिहा,” वहिनी म्हणाल्या. “खरं ते लिहावं.”

“उद्या या,” पंचेचाळीस कसंबसं म्हणाले. “टाईप करून ठेवतो.”

संध्याकाळी ते घरी येऊन बुटांसकट खुर्चीत बसून राहिले. बायकोने ऐकून घेतलं.

“आता बोललात तर शेवटच्या सात महिन्यांत शोभा होईल. नाव तर परत मिळतंय ना? मग गप्प बसा.”

“बरं.”

ती आत गेली, पुन्हा बाहेर आली. “पण तुम्हाला बसवेल का? मागे पाहुण्यांच्या छत्रीची काडी मोडलीत, तर सांगायला स्टेशनापर्यंत पळत गेला होतात.”

“छत्री अठरावा वर्ग,” ते थकून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाईप केलेला कागद वहिनींपुढे सरकवला. रकान्यात लिहिलं होतं: ‘कचेरीच्या कारकुनाने फाईल चुकीच्या कप्प्यात ठेवल्याने अर्जदारास सूचना गेली नाही.’ खाली त्यांची स्वतःची सही.

वहिनींनी सावकाश वाचलं. “म्हणजे पत्र आलंच नव्हतं?”

“नव्हतं.”

“मी हरवलं नाही?”

“नाही वहिनी. मी हरवलं.”

वहिनी एकदम भडकल्या. “अहो, चार महिने मी स्वतःला शिव्या घालतेय! घरात मान वर करायची सोय राहिली नाही! आणि तुम्ही तिथे कप्पे कप्पे खेळत होतात?”

“हो,” पंचेचाळीस म्हणाले.

“या कागदाची एक प्रत द्या मला. मुलीला दाखवते.” जिन्यापर्यंत जाऊन त्या वळल्या. “आणि जेवा जरा. काय तोंड झालंय!”

वकीलसाहेबांनी कागद दोनदा वाचला. “असं कोणी लिहितं का? कचेरीची अब्रू जाईल!”

“कचेरीची नाही, साहेब. यात कारकून लिहिलंय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला, कपाटाकडे पाहिलं, हा माणूस गेल्यावर या भिंतीचं काय करायचं या विचाराने आणखी खचले, आणि सही केली.

दोन महिन्यांनी मावशी नोंदवहीत परत आली. उशिराचं कारण तिकडे कोणी वाचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पंचेचाळिसांनी फाईल सोळात ठेवली. जोर म्हणून जो होता तो गेला होता. गुडघे तेवढे होते.

मग त्यांनी पहिला कप्पा रिकामा केला आणि आतल्या एकेका गिऱ्हाइकाला स्मरणपत्र लिहायला बसले. एकशे बारा होती. आठवड्याभराने एका बड्या कंपनीचं उत्तर आलं: ‘आमचे काम आमचा विभाग पाहतो. कृपया पुन्हा पत्र पाठवू नये.’

त्यांनी ते दोनदा वाचलं, भोक पाडलं आणि उठले. कागदच तो. सोळात गेला, मावशीच्या शेजारी. मग ते खुर्चीत बसले आणि अठ्ठेचाळिसावं पत्र लिहायला घेतलं.