सुनेचा कॉम्प्युटर अन् गल्लीभर डॉक्टर

त्या दिवशी ऊन असं होतं का आंगनातल्या नळाले हात लावला तं चटका बसे. कावळाबी आमच्या कूलरखाली टपकत्या पाण्याजवळ चोच उघडी टाकून बसला होता. मे महिन्यात आमच्या नालवाडीत दुपारी कोणी कोणाच्या घरी जात नाई. पण सारिकाच्या कॉम्प्युटरचे खोके आले, अन् सारी गल्ली डोक्याले दुपट्टा बांधून आमच्या घरी!

किस्से असेच जमतात. एक माणूस गुपचूप काम करत असला तं किस्सा होत नाई. त्याच्या भोवती सल्ले देणारे बसले का मंग एकावर एक थप्पी लागते, जिनिंगातल्या रुईच्या गाठीसारखी. माह्यी जिंदगी त्या गाठी उचलण्यात गेली. शाळेत मी गेलो नाई. मराठी अक्षरं म्हातारपणी लावाले शिकलो, इंग्रजी अक्षरं मले अजून मुंग्याच दिसतात. म्हणून या साऱ्या भानगडीत माह्यं खातं एकच होतं: स्क्रूची ताटली मांडीवर घेऊन बसणं.

सारिका म्हणजे आमची सून. रोज बसनं नागपूरले जाये, एका कंपनीत नकाशे काढाच्या कामाले. घरी येईस्तोर पाय सुजलेले. कंपनी म्हणे, घरी दमदार कॉम्प्युटर लावा अन् सोमवारपासून घरूनच काम करा. नाई जमत तं नागपुरातच राहाले या. म्हणून पोरीनं एकेक पार्ट मागवला अन् सोताच्या हातानं कॉम्प्युटर जोडला. तो चालला तं सून घरी. नाई चालला तं सून नागपुरात, पोरगा प्रवीण एसटी घेऊन समुद्रपूरच्या रस्त्यावर, अन् घरात आमी दोघं बुढा-बुढी एकमेकायचं तोंड पाहात. या वयात आमची तोंडं काई पाहाण्यासारखी नाई!

शिवाय बुढी मले चहात साखर टाकू देत नाई. सारिका चोरून टाकते. म्हणजे नुकसान माह्यंच जास्त होतं.

*

बटन दाबाच्या आधी बुढीनं पूजा मांडली. कॉम्प्युटरले हळद-कुंकू, स्क्रूड्रायव्हरले हळद-कुंकू. नारळ फोडाले घेतला तशी सारिका ओरडली, "आई, बाहेर फोडा! पाणी उडन त्याच्यावर!"

मंग बटन दाबलं. आतले पंखे फिरले. लाल, हिरवे, निळे लाईट नाचाले लागले. आमी सारे हात जोडून स्क्रीनकडं पाहून राह्यलो. स्क्रीन काळाकुट्ट!

आमच्या शेजारी भोयर मास्तर राह्यतात, रिटायर झालेले. ते म्हणे, "लायटिंग तं गणपतीच्या मांडवासारखी होऊन राह्यली. देव काऊन येऊन नाई राह्यला?"

गेल्या वर्षी व्होल्टेज वाढून आमचा टीव्ही जळला होता. तेव्हापासून बुढीचा कायदा आहे: कोणती वस्तू बरोबर चालत नसली का आधी विजेचा खटका बंद.

"जळन, बाप्पा!" म्हणत तिनं भिंतीवरचा खटका खाली पाडला. देवाचं काई ऐकूनच घेतलं नाई.

*

दुसऱ्या दिवशी मास्तर मोबाईल घेऊन आले. त्यात एक गोरा माणूस होता, अन् त्याच्यापुढं असाच कॉम्प्युटर उघडा पडला होता. तो माणूस हात हलवून हलवून बोले. मास्तर मान डोलवत. आमी मास्तरच्या तोंडाकडं पाहात.

बोलता बोलता त्या गोऱ्याले घाम आला. व्हिडिओ संपला.

बुढीनं इचारलं, "काय म्हणते जी तो?"

मास्तर म्हणे, "संयम ठेवा म्हणते."

"एवढा वेळ बोलला, अन् एवढंच?"

मास्तरनं व्हिडिओ पुन्हा पाह्यला. चष्मा पुसला. म्हणे, "लय संयम ठेवा म्हणते!"

मंग सारिकानं बटन दाबलं. लाईट नाचले, स्क्रीन काळा. मी ताटली घेऊन बसलो. मास्तर खुर्चीत चुळबुळ करून राह्यले. जरा वेळानं उठले, म्हणे, "अजून काऊन सुरू झाला नाई? जळन ना!" अन् सोताच्या हातानं खटका बंद!

*

मंग प्रवीणनं चौकातला सर्व्हिसवाला बोलावला. तो आला, चहा प्याला, कॉम्प्युटरकडं दुरूनच पाह्यलं अन् म्हणे, "विंडोज टाकाव लागन."

सारिका म्हणे, "दादा, स्क्रीनवर काईच दिसत नाई. विंडोज टाकू कुठं?"

"कोणं जोडला हा?"

"म्या."

"मंग बरोबर आहे!" अन् हसला असा, जसा त्यानं रोग ओळखला. जाताना त्यानंबी खटका बंद केला, आमाले कसं करतात ते दाखवल्यासारखा.

बाहेर त्याची मोटरसायकल उन्हात उभी होती. यानं किक मारली. नाई. पुन्हा मारली. नाई. शर्ट पाठीले चिपकला, पण गाडी काई आवाज देईना.

आमची बुढी फाटकात जाऊन उभी राह्यली. लय गोड आवाजात इचारलं, "कोणं जोडली जी हे?"

*

मास्तरले कोणीतरी सांगतलं का मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं घासा लागते. मास्तरच्या खिशात खोडरबर असतेच. रिटायर होऊन इतके वर्ष झाले, पण ते गेलं नाई.

सारिका म्हणे, "मास्तर, पट्टी नवी कोरी आहे. तिच्यावर मळ कुठून येईन?"

मास्तर म्हणे, "पोरी, नवे कोरे पोट्टे शाळेत यायचे, त्यायलेबी पहिल्या दिवशी घासाच लागे!"

घासली पट्टी. बसवली. बटन दाबलं. पंखे, लाईट, काळा स्क्रीन. मास्तर खोडरबर खिशात टाकत म्हणे, "याच्यापेक्षा ढ पोट्टे पास केले म्या." अन् पुन्हा खटका बंद.

*

कुमरेभाऊ समोरच्या घरात राह्यतात. जंगल खात्यात नोकरी झाली त्यायची. बोलतात कमी. ते आले, खाली बसले, अन् चालू कॉम्प्युटरच्या पत्र्याले कान लावला.

मी इचारलं, "काय म्हणते भाऊ?"

"जिता आहे जी."

"जिता आहे तं बोलून काऊन नाई राह्यला?"

कुमरेभाऊ उठले, धोतर झटकलं. "आमच्या मोठ्या साहेबासारखा आहे. पंखा चालू, लाईट चालू, काम काईच नाई!"

आमी हसलो. सारिकाबी हसली, पण डोळे पदरानं पुसले. तिची बॅग पलंगावर उघडी होती, अर्धी भरलेली. बुढीनं ते पाह्यलं अन् मीठ-मिरची घेऊन आली. कॉम्प्युटरची नजर काढली अन् मिरच्या शेगडीत टाकल्या. त्या मशीनचे पंखे असे दमदार का सारा धूर ओढून आमच्याच तोंडावर फेकला! आमी खोकत खोकत आंगनात. मधात कोणीतरी खटका बंद केला. कोणं केला ते धुरात दिसलं नाई.

*

रविवारी सारिका अन् प्रवीण नागपूरले रूम पाहाले गेले. निघताना सारिका मले म्हणे, "बाबा, उद्यापासून चहा आईच्याच हातचा हं." म्या ताटलीतले स्क्रू मोजल्यासारखं केलं.

बुढी अल्लीपूरले लग्नाले गेलती. घरात मी, कूलर अन् तो कॉम्प्युटर. वाटलं, उद्या हा खोक्यात जाईन, एक वेळ लाईट तरी पाहून घ्यावे. बटन दाबलं. लाईट नाचले, स्क्रीन काळा. "जळन" म्हणणारं कोणी नव्हतं. कूलरची हवा लागली. डोळा लागला.

जागा झालो तं स्क्रीनभर पांढऱ्या मुंग्या!

माह्या हातून काई बिघडलं, असं वाटलं. हात खटक्यापर्यंत गेला. पण पोरीनं सोताच्या हातानं जोडलेली वस्तू, मले न समजता काऊन मारू? हात मागं घेतला अन् तसाच अनवाणी मास्तरच्या घरी गेलो.

"मास्तर जी, कॉम्प्युटरवर मुंग्या आल्या!"

मास्तर बनियानवर झोपले होते. डोळे न उघडता म्हणे, "मंग खडू ओढ ना!"

हाताले धरून आणलं. त्यायनं चष्मा चढवला, वाचलं, पुन्हा वाचलं. "अबे, हे तं इंग्रजी आहे! नवीन प्रोसेसर बसवला म्हणते. पुढं जाले बटन दाबा म्हणते!"

सारिकाले फोन लावला. ती नागपुरात त्या रूमच्या दारात उभी होती.

"बाबा, कोणं काय केलं?"

"काईच नाई. मी झोपलो होतो."

"खटका कोणी बंद नाई केला?"

"कोणीच घरी नव्हतं ना!"

मंग पोरगी अशी हसली का मास्तरलेबी ऐकू गेलं. "बाबा, नवी मेमरी पहिल्या वेळी सोतालेच तपासत बसते. तवर स्क्रीन काळाच राह्यते. अन् आपण दर वेळी मधातच बंद करत होतो! आता कोणाले हात लावू देऊ नका!"

"अन् रूम?"

"राहू द्या ती रूम. पुढच्या गाडीनं येतो आमी. साखरेचा डबा वरून काढून ठेवजा."

मी फोन ठेवला. मास्तर खटक्याले पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राह्यले, जसा कोणी खटका चोरून नेणार होता. मले म्हणे, "सूर्यभान, म्या पहिलेच सांगतलं होतं का नाई? लय संयम ठेवा म्हणते!"